हरवलेला कुत्रा आणि त्याचा धनी



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच उघडली होती. वसतिगृहांत राहणारा आठवींतील एक मुलगा सकाळींच एका कुत्र्यास सुतळीनें धरून माझ्या दारीं आला. कुत्रा चांगला उंच होता, पण इतका रोडावलेला कीं त्याच्या बरगड्या दुरूनहि मोजतां आल्या असत्या. अंगावर चिखल वाळला होता, कानांत गोचिड्या होत्या, आणि गळ्याभोंवतीं केस झिजून कातडी उघडी पडली होती.

"सर, हा बेवारशी आहे. कोणीतरी ह्याला हाल करून टाकून दिलेला दिसतो. आपण ह्याला ठेवून घेऊं या का?" मुलानें विचारलें.

मीं गळ्यावरील ती खूण त्याला दाखविली व म्हटलें, "गळ्यांत पट्टा होता, म्हणजे कोणी धनी असला पाहिजे."

"धनी असता तर ह्याची अशी दशा झाली असती का, सर?"

प्रश्न बिनतोड वाटला. तरी मीं त्याला सांगितलें कीं, कुत्र्याला आपण आज ठेवून घेऊं. मात्र आपला म्हणून नव्हे, कोणाचा तरी म्हणून ठेवूं. हें त्याला फारसें आवडलें नाहीं. जातां जातां त्यानें आणखी एक प्रश्न केला. "सर, मोठ्या शहरांत कुत्र्यांना आसरा देणाऱ्या संस्था असतात. त्या तरी धन्याचा शोध करतात का? कीं कुत्रा सांपडला कीं सरळ दुसऱ्या चांगल्या माणसाला देऊन टाकतात?"

त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें मीं ह्या विषयाची माहिती मिळविली, व ती ह्या लेखांत देण्याचें योजिलें आहे. उत्तर थोडक्यांत असें आहे: होय, चांगल्या संस्था धन्याचा शोध करतात, आणि पुष्कळ देशांत कायदाहि त्यांना तसें करावयास लावतो. परंतु त्या शोधास यश येणें हें संस्थेच्या दयाळूपणापेक्षां दुसऱ्याच दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असतें. पहिली, धन्यानें कुत्र्याच्या अंगावर काय खूण ठेवली आहे ही; आणि दुसरी, ज्याला कुत्रा सांपडला त्याच्या मनांत काय आहे ही.

ह्या प्रकारच्या संस्थांत अतिशय प्रसिद्ध अशी संस्था लंडन शहरांत आहे. १८६० सालीं मेरी टीलबी नांवाच्या एका बाईंनीं त्या शहराच्या हॉलोवे नामक भागांत, एका जुन्या तबेल्याच्या आवारांत, तिची स्थापना केली. तिचें मूळचें नांव 'हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचें तात्पुरतें घर' ह्या अर्थाचें होतें. ह्या नांवांतील दोन शब्दांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. 'हरवलेला' कुत्रा म्हणजे ज्याला शोधणारें कोणीतरी आहे असा कुत्रा. आणि 'तात्पुरतें' घर म्हणजे खरें घर सांपडेपर्यंतचा मुक्काम. संस्थेचा आरंभींचा नियमच असा होता कीं, धनी आला व त्यानें कुत्र्याच्या पोषणाचा खर्च भरला म्हणजे कुत्रा त्याच्या स्वाधीन करावयाचा.

आरंभीं ह्या कार्याची पुष्कळ थट्टा झाली. 'टाइम्स'सारख्या वजनदार पत्रानेंहि ती केली. परंतु १८६२ सालीं चार्ल्स डिकन्स हे ज्याचे संपादक होते त्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकांत एक सहानुभूतीचा लेख आला. त्यांत उमद्या जातीच्या कुत्र्यांचें एक भव्य प्रदर्शन आणि हॉलोवेमधील हें गरीब आश्रयगृह ह्यांची तुलना केली होती. मेरी टीलबी १८६५ सालीं वारल्या. पण संस्था टिकली. १८७१ सालीं ती टेम्स नदीच्या दक्षिणेस बॅटर्सी येथें गेली, व त्या गांवाच्याच नांवानें ती आजहि ओळखली जाते.

ह्या संस्थेचा आणखी एक जुना नियम फार शहाणपणाचा होता. कुत्रा आणून देणारास तिच्याकडून कसलेंहि बक्षीस मिळत नसे. वरवर पाहतां हें विचित्र वाटेल. कारण चांगलें काम करणारास बक्षीस द्यावें असें आपणांस वाटतें. पण त्या काळीं लंडनमध्यें कुत्रे चोरण्याचा एक धंदाच झाला होता. चोरांच्या टोळ्या श्रीमंतांचे कुत्रे पळवीत व खंडणी घेऊन परत करीत. एलिझाबेथ बॅरेट ह्या सुप्रसिद्ध कवयित्रीचा 'फ्लश' नांवाचा आवडता कुत्रा असा तीन वेळां चोरीस गेला. १८४६ सालीं तर त्याच्या सुटकेसाठीं ती आजारी बाई स्वतः चोरांच्या वस्तींत गेली, व शेवटीं पैसे मोजल्यावरच तिला तो परत मिळाला. जेथें कुत्रा आणून देण्याचे पैसे मिळतात, तेथें न हरवलेला कुत्राहि 'हरवूं' लागतो, हें संस्थेच्या चालकांनीं ओळखलें होतें.

ह्याच गोष्टीचें याहूनहि कडू उदाहरण आपल्या मुंबई शहरांत त्याच्या आधींच घडलें होतें. १८३२ सालीं तेथील सरकारनें मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम काढला व दर कुत्र्यामागें आठ आणे देऊं केले. त्या लोभानें शिपाई लोकांच्या घरांत शिरून पाळलेले कुत्रेहि ओढून नेऊं लागले, अशी तक्रार होती. कुत्र्यास पूज्य मानणारे पारशी बांधव ह्यानें अतिशय दुखावले, आणि त्या वर्षीं जून महिन्यांत शहरांत मोठा दंगा झाला. मोकाट कुत्रा कोणता आणि कोणाचा कुत्रा कोणता हें न पाहतां काम केलें म्हणजे काय होतें, तें ह्यावरून दिसून येतें.

आतां कायद्याकडे वळूं. सांपडलेल्या कुत्र्यासाठीं धन्याची वाट किती दिवस पाहावयाची हा ह्या विषयांतील मुख्य प्रश्न होय. इंग्लंडमध्यें १९९० सालच्या कायद्याप्रमाणें धरलेला मोकाट कुत्रा नगरसंस्थेच्या अधिकाऱ्यानें सात दिवस ठेवावा लागतो. त्याच्या पट्ट्यावर वा अंगावर धन्याचा पत्ता मिळाल्यास धन्याला लेखी सूचना पाठवावी लागते. ती मुदत संपल्यावरच कुत्रा नव्या घरीं देतां येतो. तेथील पुष्कळ आश्रयसंस्था ह्या मुदतीच्या काळांत नगरसंस्थेच्या वतीनें कुत्रे सांभाळतात. सामान्य नागरिकाला कुत्रा सांपडला, तर त्यानेंहि तो धन्याला परत करावा किंवा अधिकाऱ्याला कळवावें, असें त्याच कायद्यांत सांगितलें आहे. म्हणजे 'मला सांपडला म्हणून माझा झाला' हा न्याय तेथें चालत नाहीं. अमेरिकेंत अशी मुदत निरनिराळ्या संस्थानांत व शहरांत निरनिराळी आहे. पण तीहि बहुधा कांहीं दिवसांचीच असते.

हें तत्त्व फार जुनें आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवाद ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत, भटकलेल्या बैलाविषयीं व मेंढराविषयीं नेमका असाच नियम आढळतो. भावाचें जनावर भटकतांना दिसलें तर न पाहिल्यासारखें करूं नये, तें त्याच्याकडे पोंचवावें. धनी दूर असला किंवा कोण तें ठाऊक नसलें, तर जनावर आपल्या घरीं आणून तो शोधीत येईपर्यंत सांभाळावें व मग परत द्यावें, असा त्याचा आशय आहे. निर्गमाच्या पुस्तकांत तर शत्रूच्या जनावरालाहि हाच नियम लावला आहे. आश्रयगृह, मुदत आणि परत देणें ह्या तिन्ही कल्पना त्यांत आल्या आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पण मुदत कितीहि ठेवली तरी कुत्र्याला बोलतां येत नाहीं. आपला पत्ता तो सांगूं शकत नाहीं. म्हणून खुणेचा प्रश्न येतो. जुनी खूण म्हणजे गळ्यांतील पट्टा व त्यावरील बिल्ला. इंग्लंडमध्यें बाहेर नेलेल्या कुत्र्याच्या पट्ट्यावर धन्याचें नांव व पत्ता असलाच पाहिजे, असा नियम १९३० सालापासून आहे. ही खूण सर्वांत सोपी. कारण ती वाचावयास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं, रस्त्यावरील कोणीहि मनुष्य ती वाचूं शकतो. परंतु पट्टा तुटतो, गळून पडतो, किंवा चोर तो काढून टाकतो.

ह्यासाठीं अलीकडे मायक्रोचिप नांवाचें साधन निघालें आहे. ती तांदळाच्या दाण्याएवढी एक कांचेची नळी असते. पशुवैद्य ती जाड सुईनें कुत्र्याच्या दोन खांद्यांमधील कातडीखालीं घालतात. तिच्यांत विजेचा साठा मुळींच नसतो. स्कॅनर नांवाचें यंत्र जवळ नेलें म्हणजे त्यांतून निघणाऱ्या रेडिओलहरींनीं ती क्षणभर जागी होते व आपल्यांतील अंक यंत्रास कळविते. हा अंक बहुधा पंधरा आंकड्यांचा असतो. कित्येक लोकांस वाटतें कीं, चिप घातली म्हणजे कुत्रा कोठें आहे हें घरबसल्या समजतें. तसें नाहीं. चिप कुत्र्याला शोधीत नाहीं. कुत्रा सांपडल्यावर तो कोणाचा हें विचारण्यास ती उपयोगी पडते, इतकेंच. शिवाय चिपेंत धन्याचें नांव नसतें, फक्त अंक असतो. तो अंक व धन्याचा पत्ता ज्या नोंदवहींत लिहिलेला असतो, ती नोंद बरोबर असली तरच सर्व उपयोग. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स ह्या प्रदेशांत २०१६ सालापासून कुत्र्याला चिप घालणें व आपला पत्ता नोंदविणें धन्यावर बंधनकारक झालें आहे.

ह्या साधनाचा उपयोग किती होतो, ह्याविषयीं अमेरिकेंतील पन्नासांहून अधिक आश्रयगृहांची पाहणी करून २००९ सालीं एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, आश्रयगृहांत आलेल्या सर्व मोकाट कुत्र्यांपैकीं सुमारें शेंकडा २२ कुत्रे धन्याकडे परत गेले. परंतु चिप असलेल्या कुत्र्यांत हें प्रमाण शेंकडा ५२ होतें. म्हणजे दुपटीहून अधिक. मग चिप असूनहि उरलेले कां गेले नाहींत? पुष्कळ ठिकाणीं नोंदवहींतील दूरध्वनीचा क्रमांक चुकीचा होता किंवा बंद झालेला होता. कांहीं धन्यांनीं चिप घातली, पण नोंदच केली नाहीं. आणि कांहींनीं तर निरोप मिळूनहि उत्तर दिलें नाहीं. वाचकहो, ह्यांत आश्रयगृहाचा काय दोष? संस्थेनें दार ठोठावलें. दाराआड कोणी नव्हतें.

ह्याची दुसरी बाजूहि आहे. २०१२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणींत हरवलेल्या कुत्र्यांपैकीं शेंकडा ९३ कुत्रे धन्यांना पुन्हा मिळाल्याचें दिसून आलें. ही संख्या ऐकून आनंद वाटतो. पण ते मिळाले कसे? जवळजवळ निम्मे कुत्रे धन्यानें आसपासचा भाग स्वतः धुंडाळल्यामुळें मिळाले, व कित्येक आपण होऊन परत आले. आश्रयगृहांत सांपडलेले शेंकडा सहाच होते. ह्यावरून संस्था निरुपयोगी आहेत असें समजूं नये. ज्यांचे धनी जवळपास धुंडून कुत्रा मिळवितात, ते कुत्रे संस्थेपर्यंत जातच नाहींत. संस्थेकडे राहतात ते कठीण प्रश्न. पण हरवलेल्या कुत्र्याच्या धन्यानें घरीं बसून संस्थेच्या निरोपाची वाट पाहूं नये, हा बोध मात्र ह्यांतून घ्यावा.

आतांपर्यंत आपण साध्या दिवसांची हकीकत पाहिली. संकटाच्या दिवसांत ह्या सर्व व्यवस्थेची कशी परीक्षा होते, तें अमेरिकेंतील एका उदाहरणावरून सांगतों. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅटरिना नांवाचें भयंकर चक्रीवादळ लुइझियाना संस्थानांत आलें. न्यू ऑर्लिन्स शहराचे पुराचे बांध फुटले व शहराचा बहुतेक भाग पाण्याखालीं गेला. लोकांना बाहेर काढणाऱ्या बसगाड्यांत व पुष्कळशा निवाऱ्यांत जनावरें नेण्यास मनाई होती. एका लहान मुलाच्या हातून त्याचा 'स्नोबॉल' नांवाचा कुत्रा पोलिसानें बस सुटण्यापूर्वीं काढून घेतला, ही बातमी त्या वेळीं जगभर छापून आली व ती वाचून असंख्य लोक हळहळले. कित्येकांनीं आपली जनावरें सोडून निघण्याचें नाकारलें. कित्येकांनीं दोन दिवसांत परत येऊं ह्या आशेनें अन्नपाणी ठेवून घर बंद केलें. ते दोन दिवस आलेच नाहींत.

मग देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवक आले. त्यांनीं होड्यांतून फिरून हजारों कुत्रीं-मांजरें सोडविलीं. गोन्झालेस नांवाच्या गांवीं एका मोठ्या प्रदर्शनाच्या जागेंत त्यांना ठेवण्यांत आलें. जागा पुरेना, म्हणून तीं दूरदूरच्या संस्थानांतील आश्रयगृहांत धाडण्यांत आलीं, आणि तेथून पुष्कळ नव्या घरीं दत्तक गेलीं. इकडे धनी निर्वासितांच्या छावण्यांत, दुसऱ्याच शहरांत, हातीं पैसा नसतांना, आपला कुत्रा कोठें गेला म्हणून विचारीत होते. संगणकावर सर्व जनावरांची छायाचित्रें एकत्र लावण्याची खटपट झाली, स्वयंसेवकांनीं रात्री जागून चित्रें ताडून पाहिलीं, आणि कित्येक भेटी घडवून आणल्या. तरी बहुसंख्य जनावरांना आपले जुने धनी पुन्हा दिसले नाहींत.

येथेंच ह्या विषयांतील सर्वांत कठीण प्रश्न उभा राहिला. कांहीं धन्यांना महिन्यांनंतर आपला कुत्रा कोठें आहे हें समजलें. पण नवें कुटुंब तो परत देईना. तें म्हणे, "तुम्ही त्याला टाकून गेलां. आमच्याकडे आला तेव्हां तो हाडांचा सांपळा होता. त्याच्या काळजांत जंत झाले होते. तुम्ही त्याची काय काळजी घेतली?" असे कित्येक वाद न्यायालयांत गेले, आणि ह्याच विषयावर २००९ सालीं 'माईन' नांवाचा एक माहितीपटहि निघाला. आतां खरें पाहतां, पुरांत अडकलेला कुणाचाहि कुत्रा रोडावणारच. काळजांतील जंत डांसांमुळें होतात, आणि दमट, डांसांनीं भरलेल्या त्या प्रदेशांत ती व्याधि अगदीं सामान्य आहे. जे दुर्लक्षाचे पुरावे म्हणून दाखविले गेले, ते पुष्कळ वेळां केवळ गरिबीचे व संकटाचे पुरावे होते. नव्या घरचें प्रेम खोटें नव्हतें. परंतु प्रेमानें दुसऱ्याच्या वस्तूवर हक्क उत्पन्न होतो असें म्हटलें, तर ज्याच्याजवळ अधिक पैसा व मोठें आंगण आहे, त्याचेंच प्रेम नेहमीं श्रेष्ठ ठरेल. ह्या दुःखांतून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. २००६ सालीं अमेरिकेंत असा कायदा झाला कीं, संकटकाळीं लोकांना हलविण्याच्या योजनांत त्यांच्या पाळीव जनावरांचाहि विचार केला जावा.

ह्यावरून आश्रयसंस्थांची अडचण आपल्या ध्यानांत येईल. त्यांच्याकडे रोज इतकें क्रौर्य येतें कीं, प्रत्येक रोड कुत्रा त्यांना छळलेला वाटतो, व 'ह्याला पुन्हा त्याच घरीं कसा धाडावा' असा विचार मनांत येतो. कांहीं लहान मंडळ्या ह्या भावनेच्या आहारीं जाऊन धन्याचा पुरेसा शोध न करतांच कुत्रा दुसऱ्यास देतात. खरोखर छळ झाल्याचा पुरावा असेल, तर तो अधिकाऱ्यांपुढें मांडावा; पण नुसत्या तर्कावर निकाल देऊं नये. उलट पक्षीं, जो कोणी 'हा माझाच' म्हणेल त्याच्या हवालीं कुत्रा करणें हेंहि बरोबर नाहीं. म्हणून जाणत्या संस्था जुनीं छायाचित्रें, पशुवैद्याचे कागद किंवा लशीचा दाखला मागतात. सूचना लावतांना त्या कुत्र्याचें सर्व वर्णन देत नाहींत. एखादी खूण मुद्दाम मागें ठेवतात, व ती जो सांगेल त्यालाच खरा धनी समजतात.

आपल्या देशांतील स्थिति ह्याहून थोडी निराळी आहे. इंग्लंडांत रस्त्यावर एकटा दिसणारा कुत्रा बहुधा कोणाचा तरी हरवलेला असतो. आपल्याकडे रस्त्यावरील बहुतेक कुत्रे तेथेंच जन्मलेले असतात. त्यांचा एक धनी नसतो, पण भाकर टाकणारीं चार घरें असतात. म्हणून २००१ सालच्या व त्यानंतर २०२३ सालच्या सरकारी नियमांत अशा कुत्र्यांची नसबंदी करून, त्यांना रेबीजची लस टोंचून, जेथून धरले तेथेंच सोडावें असें ठरविलें गेलें. शाळा, रुग्णालयें, रेल्वेस्थानकें इत्यादींच्या आवारांसाठीं सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं निराळा आदेश दिला. कानाच्या टोंकाला खांच केलेला कुत्रा दिसला, तर ही नसबंदीची खूण आहे असें समजावें. परंतु ह्या गर्दींत एखादा खरोखरीच हरवलेला कुत्राहि असतो, आणि त्याला ओळखणें येथें अधिक कठीण जातें; कारण मोकाट कुत्र्यांत आणखी एक दिसला तर कोणी विचारीत नाहीं. वाहनांना बिचकणारा, एकाच वाटेनें पुन्हा पुन्हा येरझारा घालणारा, गळ्यावर पट्ट्याची खूण असलेला, हांकेला कान टंवकारणारा कुत्रा दिसला, तर तो बहुधा कोणाचा तरी आहे.

अशा वेळीं विद्यार्थ्यांनीं काय करावें? प्रथम, अनोळखी कुत्र्यास स्वतः हात लावूं नये; वडील माणसांना बोलवावें. कुत्रा चावला वा ओरबाडला, तर जखम लगेच वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी; रेबीज एकदां जडला म्हणजे त्यावर उपाय नाहीं. नंतर कुत्रा जेथें सांपडला तेथेंच आसपास चौकशी करावी, पशुवैद्याकडे चिप आहे का तें पाहावें, आणि सूचना लावावी. आईबापांना माझी इतकीच विनंति आहे कीं, घरीं कुत्रा असेल तर त्याच्या गळ्यांत आपल्या दूरध्वनीच्या क्रमांकाचा बिल्ला आजच बांधावा, व क्रमांक बदलला तर बिल्लाहि बदलावा.

आतां आमच्या त्या कुत्र्याची गोष्ट पुरी करतों. मुलांनीं त्याला न्हाऊं घातलें, गोचिड्या काढल्या. त्या मुलानें तर आपल्या ताटांतील भाकरी रोज त्याच्यासाठीं राखून ठेवली. कुत्र्याच्या जिभेवर एक काळा ठिपका होता. तो आम्हीं कोणासहि सांगितला नाहीं. बाकीचें वर्णन लिहून एस. टी. च्या थांब्यावर व चहाच्या दुकानांत लावलें. पण सगळ्यांना वाचतां येतें असें नाहीं, म्हणून आठवड्याच्या बाजारीं तोंडीहि सांगितलें.

आठव्या दिवशीं सायंकाळीं एक म्हातारा धनगर काठी टेकीत फाटकाशीं आला. दिवाळीनंतर मेंढरांचे कळप आमच्या गांवावरून कोंकणाकडे जातात, हें पुष्कळांना ठाऊक आहे. त्याचा कळप दोन मुक्काम पुढें गेला होता, व तो एकटाच पायीं मागें आला होता.

"मास्तर, माझं कुत्रं हितं हाय म्हनत्यात. जिबंवर काळा ठिपका हाय बघा, ल्हानपनापास्नं."

एवढें तो म्हणतो न म्हणतो तोंच वसतिगृहाच्या मागून कुत्रा सुतळी तोडून धांवत आला व त्याच्या पायांत लोळूं लागला. मीं गळ्यावरील खुणेविषयीं विचारलें. म्हाताऱ्यानें सांगितलें कीं, लांडगा नरडें धरतो, म्हणून राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यांत लोखंडी कांट्यांचा पट्टा घालावा लागतो. रात्रीं सडकेवर मालमोटारीच्या भोंग्यानें कुत्रा बुजला व पळतांना पट्टा कुंपणाच्या तारेंत अडकून तुटला. ज्या खुणेंत आम्हांला छळ दिसला होता, ती वास्तविक त्याच्या रक्षणाची खूण होती.

तो मुलगा खांबाआड उभा होता. मीं त्याला बोलाविलें नाहीं. तो आपण होऊनच पुढें आला आणि तुटलेल्या सुतळीचें टोंक म्हाताऱ्याच्या हातीं दिलें. म्हाताऱ्यानें त्याच्या डोक्यावरून हात फिरविला. "लेकरा, तू ह्येला जगिवलंस. माझी समदी मेंढरं रातीला ह्येच्या जिवावर निजत्यात."

मुलगा कांहीं बोलला नाहीं. रात्रीं जेवतांना त्याच्या ताटांत सवयीनें बाजूस ठेवलेली अर्धी भाकरी मला दिसली. दुसऱ्या दिवशीं त्यानें मला येऊन विचारलें, "सर, आपण पहिल्याच दिवशीं त्याला आपला म्हटला असता, तर सूचना लावली असती का हो?"

ह्या प्रश्नाचें उत्तर त्याला ठाऊक होतें, व तें वाचकांनाहि ठाऊक आहे.